खोडवा बघायला जाणारे

एकाच घरातली पाच माणसं दरवर्षी एकाच जीपमधून एकाच तपासणीला जायला लागली की किस्से न सांगता साचतात. लोक देवाला जातात, आम्ही तलवाड्याहून बीडला दुर्बीण घालून घ्यायला जातो.

आमच्या घराण्यात मोठ्या आतड्यात गाठी येतात, त्याही शेकड्यांनी. तसंच ठेवलं तर कॅन्सर ठरलेला. म्हणून आम्ही चार चुलत भावंडं आणि कमलआत्या, सगळ्यांचीच आतडी काढलेली. माझ्या सोयरिकीला पाहुण्यांनी रंग, शिक्षण सोडून पहिलं विचारलं, "पोरीला आतडं हाय का?" मी चहाचा ट्रे घेऊन तशीच माघारी गेले.

*

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "सुटलात असं समजू नका. खाली वीतभर आतडं ठेवलंय. त्यात पुन्हा गाठी येणार. दरवर्षी बघायचं, दिसली की काढायची."

आत्यानं जन्मभर ऊस तोडलेला. ती म्हणाली, "म्हंजी ऊस तोडला, पण बुडखे रानातच हायेत."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "बुडख्यांतून पुन्हा खोडवा फुटतो."

तेव्हापासून आमच्या घरात तपासणीला 'खोडवा बघायला जाणं' म्हणतात. पाहुण्यांना वाटतं, यांचं रान लई लांब हाय.

*

जीप बापूदादाची, आम्हा चौघा भावंडांतल्या थोरल्याची. आत्याला गाडी लागायची म्हणून पुढची सीट तिची. त्या बाजूचं दार अडायचं, ते बापूदादाच्याच हाताला उघडायचं. मग तो उतरून, वळसा घालून दार उघडायचा आणि आत्या गुडघे धरून चढेपर्यंत उभा राहायचा.

"आत्या, तू म्हंजी कलेक्टरच हायस बघ."

"मग सलाम कर की," आत्या म्हणायची.

*

हॉस्पिटलात एनिमा घेतलेली पाच माणसं आणि संडास एक! कंपाउंडर शेखभाई खड्या आवाजात नावं पुकारायचे. बाहेर रस्त्यावरच्या पेरूवाल्यालाही आमचा नंबर कळायचा.

*

पुढं आत्या यायची थांबली. "मला काय बी होत न्हाई," म्हणाली. तीन वर्षं गेली आणि रक्त पडायला लागलं. त्या वीतभर उरलेल्या आतड्यातच कॅन्सर निघाला. जाताना तिनं बापूदादाचा हात धरला. "माझ्यासारखं करू नगंस," एवढंच बोलली.

आणि या माणसानं नेमकं तेच केलं. आम्हाला घेऊन यायचा, पण स्वतः जीपमध्येच बसायचा. "आतडंच न्हाई, तर आजार ऱ्हाणार कुठं?" असं दोन वर्षं चाललं. मला इतकी भीती वाटायची की त्याचा राग यायचा. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

*

यंदा गेल्या गेल्याच मला आत नेलं, माझी तपासणी झाली. बाहेर आले तर नर्स म्हणाली, "तुमच्या दादांना आत घेतलंय."

डॉक्टरांना त्याच्या दोन गाठी सापडल्या. दोन्ही काढल्या. "आणखी वर्षभर थांबला असता तर एवढ्यावर भागलं नसतं," असं मला बाजूला घेऊन म्हणाले. मी भिंतीला टेकून रडले.

बापूदादाला विचारलं, "आत कसा आलास?"

"शेखभाई आत्याचं नाव पुकारत व्हते. लई येळ. कुणीच उठंना, म्हणून ती गेली असं सांगाया आलतो. आलोच हाय तर म्हणलं, बघून घेऊ."

माझं डोकंच फिरलं. तडक खिडकीपाशी गेले. "शेखभाई, गेलेल्या माणसाचं नाव कावून पुकारता?"

शेखभाईंनी आमच्या फायली पुढं सरकवल्या. चारच होत्या. मग गळ्याला हात लावून कसंबसं कुजबुजले, "ताई, कमलबाईंची फाईल दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली. आणि माझा तर परवापासून घसा बसलाय. नावं नर्सच पुकारतीय."

मी नर्सला विचारलं नाही.

जीपपाशी आलो. आत्या गेल्यापासून पुढं मीच बसते. पाय उचलला तर बापूदादा म्हणाला, "शैला, तू मागं बस."

मी मागं बसले. तो वळसा घालून गेला, पुढचं दार उघडलं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढायला लागतो तेवढा वेळ धरून उभा राहिला. मग सावकाश लावलं.