पापडाखालचं ऊन

"सुषमा, बॅटरी अर्धी पण भरली नाहीये. काय चाललंय तिकडे?"

सावंत सरांचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या सोसायटीत, खाली मीटर रूममध्ये होते. भर दुपार, मे महिना, बाहेर डोळे उघडत नाहीत असं ऊन. आणि बॅटरी अर्धी.

मी सोलरवाल्या कंपनीत कामाला आहे. सर इंजिनियर, ते अंधेरीच्या ऑफिसात बसून सगळ्या बिल्डिंगी स्क्रीनवर बघतात. मी गच्चीवरची पॅनल पुसते, बॅटरीवर लक्ष ठेवते, काही वेगळं वाटलं की फोन करते. शाळा नववीत सुटली. करंटची भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू.

ही बॅटरी म्हणजे कपाटाएवढी, भिंतीला लावलेली. आवाज नाही, वास नाही. दिवसभर ऊन भरून घेते आणि संध्याकाळी देते. नुसतं सोसायटीला नाही, बाहेर रस्त्याच्या लायनीत पण देते. कारण संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम चालू होतात आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तापतो. मग गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या बॅटऱ्या थोडा थोडा लोड उचलतात. सगळ्यात मोठी आमची.

आदल्या संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर बसला होता, गल्लीची लाईट गेली होती. मी मागच्याच चाळीत राहते, आमची लाईट पण त्याच्यावरच. माझी परी दोन वर्षांची, तिला धाप लागते, वाफेचं मशीन लावावं लागतं. ते मध्येच बंद पडलं. तिची छाती आत आत ओढत होती आणि मी अंधारात तिला घेऊन रिक्षा शोधत पळत होते. दवाखान्यात मशीन लागलं तेव्हा ती शांत झाली. मी नाही झाले.

"सर, काल पण बॅटरी अर्धीच होती?"

"हो. मला वाटलं ढग असतील."

"ढग कुठले सर, इथे भाजतंय. आज परत लाईट गेली तर? गेल्यावर देता येईल ना बॅटरीतून?"

"सोसायटीला देईल. रस्त्याला नाही. लाईट गेली की बाहेर द्यायचं ती आपोआप बंद करते. वायरवर कोणी काम करत असेल तर त्याला शॉक बसेल ना. जायच्या आधीच द्यायला लागतं. तू वर जाऊन बघ. मला यायला संध्याकाळ होईल."

लिफ्टची वाट न बघता जिने चढले. गच्चीचं दार उघडलं आणि बघतच राहिले. पॅनलवर जुन्या साड्या अंथरलेल्या, कडेला दगड ठेवलेले, आणि साड्यांवर पापड. फणसाचे. टाकीच्या सावलीत राणे काकू बसलेल्या, हातात कावळे हाकलायची काठी.

"काकू, हे काढा. बॅटरी भरत नाहीये."

"अगो, वर्साचे पापड आसत ते. वरून ऊन, खालून ताप. कालपासून घातलंय, काय झकास सुकतत बघ."

"पण पॅनल झाकली ना."

"चारच झाकलंय. बाकीची काय झोपली?"

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, पॅनल एका लायनीत जोडलेली असतात, त्यातली काही झाकली तर आख्खी लायनच मंदावते. मी काकूंना तसंच्या तसं सांगितलं.

"तुझ्या सरांका सांग, अर्धे ओले पापड उचलले तर तुटतले."

मी सफाईवाली, त्या घरमालकीण. जोर करू शकत नव्हते. म्हटलं, "काकू, काल लाईट गेली ना, तेव्हा माझ्या परीचं मशीन बंद पडलं."

काकू थांबल्या. "त्या अंधारात पोर रडत होता, ता तुझा?"

"हो."

त्यांनी काठी खाली ठेवली. "धर त्या टोकाक. हळू धर. एक पण तुटलो तर बघ."

साड्या उचलून आम्ही टाकीपलीकडे नेल्या. काही पापड तुटले, काही एकमेकांना चिकटले. काकू सगळा वेळ मला बोलत होत्या पण साडी सोडली नाही.

काचेवर पापडांचे पांढरे गोल उमटलेले. मी बादली उचलली, आणि हात थांबला. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते, म्हणून तर आम्ही सकाळीच धुतो. परत फोन.

"सर, टाकीचं पाणी चटका बसेल इतकं गरम आहे. चालेल?"

"चालेल. पण ओतू नको. फडकं पिळून पुस."

पुसलं. गुडघे भाजले, पण एकेक गोल गेला.

संध्याकाळी मीटर रूममध्ये उभी राहिले. बॅटरी जवळजवळ भरली होती. तिच्यावरच्या छोट्या स्क्रीनवर बाण बॅटरीकडे होता. बघता बघता तो वळला आणि बाहेरच्या लायनीकडे झाला. आवाज नाही, ठिणगी नाही. नुसता बाण. आणि मला कळलं की दुपारी ज्याने माझे गुडघे भाजले तेच ऊन आता भिंतीतून, रस्त्याखालून बाहेर चाललंय.

मी घरी पळाले. बल्ब एकदा मंद झाला, परत नीट झाला. परी सासूबाईंच्या मांडीवर होती, तोंडाला मशीन, मशीन घुरघुरत होतं. पंखा फिरत होता. समोरच्यांचा टीव्ही चालू होता, कोणाला काही माहीत नाही. मी त्या पंख्याकडे बघत बसले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, पंखा कधी बघितला नाहीस का?"

मी म्हटलं, "असा नाही."

सर आले तेव्हा काकूंनी जिन्यातच गाठलं त्यांना. "तुमच्या ट्रान्सफॉर्मरान माझे पापड खाल्ले." दुसऱ्या दिवशी मला डबा दिला. एकमेकांना चिकटलेले सगळे माझ्या वाटणीला.

आता बॅटरी भरली नाही की सर आधी वायरींचं विचारत नाहीत. विचारतात, "सुषमा, काकू कुठेयत?"