उघडं दार

कोरियन मालिकांबद्दल माझी मतं ठाम आहेत. त्यांतल्या श्रीमंत सासवा सगळ्या एकाच साच्यातल्या, आणि नायक मनातलं बोलायला इतके भाग लावतो की त्याला हलवावंसं वाटतं. खरं तर ही मतं आईची. तिला खालच्या इंग्रजी ओळी वाचता यायच्या नाहीत, म्हणून संवाद ती स्वतःच मराठीत म्हणायची. "जेवलास का रे? किती वाळलास!" हे नायिकेच्या तोंडी हमखास.

आई जाऊन वर्ष होत आलं. काल संध्याकाळी एकटीच बघत होते. मालिकेतल्या घरी श्राद्ध होतं. गेलेल्या आईसाठी जेवण मांडलं होतं, आणि तिला आत येता यावं म्हणून लेकीनं दार उघडून ठेवलं. इथे आई नक्की म्हणाली असती, "अगं, दार लाव, डास येतील!"

मी थांबले. लेकीचे ओठ हलले, पण ऐकू आलं ते कोरियनच.

आपल्याकडे कावळ्याची वाट बघतात. दाराचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उठले, आमचं दार सताड उघडलं आणि मागे न बघता येऊन बसले.

डास तेवढे आले.