मंदाताईंना त्या बाटलीचा संशय होता

मंदाताई काल दुपारी गेल्या. डॉक्टर म्हणाले हार्ट. मी विचारलं, "नक्की?"

त्यांच्याजवळ काम केलेली माणसं असंच विचारतात.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. मी लग्न होऊन अमरावतीहून समता कॉलोनीत आलेली. भनपुरीकडे कीटकनाशकं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. मंदाताई तिथं माझ्या सीनियर.

कोणतं औषध पाण्याले किती टाळते, ते आम्ही मोजायचो.

स्टीलची एक बारीक नळी. आत तेलकट थर दिलेली पूड. तिच्यातून पाणी आणि मिथेनॉल ढकलायचं. पाण्याशी जमते ते औषध लवकर बाहेर येते. पाणी टाळणारं त्या थराले धरून बसते, उशिरा निघते.

"उशिरा निघते त्याच्यावर नजर ठेव," ताई म्हणायच्या. "नळीत चिकटते ते टमाटरच्या सालीलेही चिकटते."

एका कंपनीचं नवीन औषध आलं. लेबलवर लिहिलेलं, भाजी पाण्यानं धुतली की औषध साफ. सॅम्पल कंपनीचा माणूस स्वतः घेऊन आला. नळीतून भराभर निघालं. सगळे खूश.

ताई नाही.

"हा स्वतः काहून आला?"

त्या बाजारात गेल्या आणि त्याच लेबलची बाटली दुकानातून घेऊन आल्या.

ते औषध निघेचना. स्क्रीनवर रेघ सपाट. आम्ही पाहत बसलो. खूप उशिरा रेघेचा एक डोंगर वर आला, तेव्हा औषध निघालं.

लेबल एक. आतला माल वेगळा.

ताईंनी आधी नळीवर संशय घेतला. बदलली. मग मिथेनॉलवर. मग दुकानदारावर, म्हणून दुसऱ्या दुकानातून बाटली आणली.

मग माझ्यावर, असं मले वाटलं. कारण एका सकाळी त्यांनी मले टेबलावरून उठवलं.

"या बाटल्यांना तू हात लावायचा नाही."

"ताई, मी अदलाबदल केली असं वाटून राहिलं काय तुम्हाले?"

त्यांनी दार लोटलं. "तुले दिवस गेले आहेत न?"

मी घरीसुद्धा अजून सांगितलं नव्हतं.

"डबा न खाता परत नेतेस, दिसते मले. हे औषध पाण्यात जात नाही, पोट्टी. म्हणजे चरबीत बसन. उद्या दुधात उतरन. मले खात्री नाही. म्हणूनच दूर राह्य."

कंपनीचा माणूस परत आला. "दीदी, आपकी मशीन पुरानी है."

"तो भैया, चलो, मेरे सामने दुकान से बोतल खरीदो. फिर चलाती हूँ."

तो चहा पिऊन गेला.

रिपोर्ट वर गेला, परत आला. 'पुन्हा तपासा.' पुन्हा तपासला, पुन्हा परत. शेवटी ताईंनी सगळ्यांसमोर बाटल्या सील करून बाहेरच्या लॅबला पाठवायला लावल्या.

तिथूनही तेच आलं.

दुकानांतून माल उचलला गेला. काहून, ते कोणी सांगितलं नाही.

लवकरच ताईंची बदली झाली. बियाणं तपासायला. कारण, 'प्रशासकीय'.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं न. पण बियाणंही नकली येते. तिथं पाहते."

बदली कोणी करवली, मले आजही माहीत नाही. संशय आहे. पुरावा नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

आज सकाळी घाटावर आमचे तेव्हाचे साहेब आले होते. रिपोर्ट परत पाठवणारे. हातात मोठा हार. म्हणाले, "बहुत ईमानदार थीं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मनापासून म्हणून राहिले काय, काही कळलं नाही.

माझी मुलगी सोबत होती, तेव्हा पोटात होती तीच. मराठी समजते तिले, पण बोलते हिंदीतच. ताईंच्या पाया पडली आणि हळूच विचारलं, "मम्मी, ये हमारी मौसी लगती थीं क्या?"

"हव," मी म्हणाली.

मंदाताई, तुम्हाले आम्हा दोघींचा शेवटचा नमस्कार.