भरल्या गाडीतला झटका

पंकजा गाडी चालवते याचं वाडीला दोनच दिवस नवल वाटलं, आणि तिचा दीर बजरंग याला ते कायमचं खुपलं. गाडी म्हणजे सात सीटची जुनी पेट्रोल व्हॅन. नवऱ्यानं, सूर्यभाननं, ती घेतली, हौसेनं बायकोला माळावर नेऊन शिकवली, लायसन काढून दिलं. दरसाल ऊसतोडीच्या हंगामात तो ट्रॅक्टर घेऊन लांबच्या कारखान्याला जाई. यंदा जाताना त्यानं चावी पंकजाच्या हातात ठेवली, पण एक अट घालून. गाडीनं तरास दिला तर चावी बजरंगकडे द्यायची.

तेव्हापासून ती वाडीतल्या कॉलेजच्या पोरींना गंगाखेडला नेऊ-आणू लागली. गाडी बाईच्या हातात आहे म्हणून आईबाप पोरी बिनघोर पाठवत. पंकजाला ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसलेच असते.

वाडी खोलात. निघालं की लगेच माळाचा चढ लागतो. दिवाळी उलटली आणि त्या चढावर गाडी अडखळू लागली. भरली गाडी, वरचा गिअर आणि पाय पूर्ण दाबलेला, एवढं जमलं की इंजिन थरथरायचं, झटके द्यायचं, गॅरेजवाल्यांच्या भाषेत मिसिंग करायचं. पाय अर्धा उचलला की पुन्हा शहाण्यासारखं चालायचं. एकदा मागून मुरमाचा टिप्पर हॉर्न मारत आला नि पोरींचे चेहरे पांढरे पडले. त्याच दिवशी पंकजा योगीराज मिस्त्रीकडे गेली.

योगीराजचं गॅरेज गंगाखेडच्या बसस्टँडच्या मागं. त्यानं गाडी जागेवरच रेस करून पाहिली, रिकामी घेऊन सपाट रस्त्यानं एक चक्कर मारली आणि उतरला.

"कुठं मिसिंग हाय? सुईवानी चालायलीय."

"रिकामी असल्यावर करत न्हाई, दादा. भरली असली, चढ असला आन् पाय पूर्ण दाबला, की मंग करायलीय."

"क्लचवर पाय ठिवून चालवत असाल, वैनी. लेडीज लोकांला सवय आसती."

त्यानं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी चढावर तेच. ती पुन्हा गेली. "तुमी माझ्या शेजारी बसा. मी चालवून दाखवते," म्हणाली. योगीराजनं गॅरेजातल्या लोकांकडं पाहिलं. बाईनं गाडी हाकायची आणि मिस्त्रीनं बाजूला बसायचं, म्हणजे भर बाजारात अब्रूच गेली की. "नाचता येईना अंगण वाकडं," तो पाना पुसत म्हणाला. सगळे हसले. त्यात चहावालासुद्धा हसला, ज्याला स्टेअरिंग कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

आठवडाभर तिनं चढ हळूहळू काढला. पोरींना रोज कॉलेजला उशीर व्हायला लागला, तशी बोंब बजरंगपर्यंत पोचली. त्याला तेवढंच हवं होतं. तो तिच्याबरोबर गॅरेजवर आला आणि खिशात हात घालून म्हणाला, "मिस्त्री, लोडला मिसिंग मारायलीय."

"लोडला?" योगीराज ताडकन उठला. "आसं म्हणा की, बजरंगराव. मंग प्लगला ठिणगी देणारी कॉईल बघावी लागंल. रिकाम्या गाडीला कमजोर ठिणगी बी पुरती. दाबली की ती दम तोडती."

पंकजा तिथंच उभी होती. तिच्या तोंडून हेच आधी निघालं होतं, तेव्हा त्याला कानच नव्हते.

खात्री करायची तर गाडी भरायला हवी. बाजाराला आलेल्या वाडीच्या चार बाया दिसल्या, त्यांना मागं बसवलं. बजरंगनं स्टेअरिंग धरलं, योगीराज शेजारी बसला. "वैनी, तुमी बी बसा मागं," तो म्हणाला, "तेवढंच वजन."

पंकजा बसली. स्वतःच्या गाडीत वजन म्हणून बसली. वाडीपर्यंत खाली जाऊन गाडी वळवली आणि माळाच्या चढावर बजरंगनं पाय दाबला आणि गाडीनं झटके दिले. योगीराजनं तिथंच दोन कॉईलींची अदलाबदल केली. तीन नंबरच्या सिलिंडरचा बिघाड कॉईलीबरोबर एक नंबरला गेला, म्हणजे खोट कॉईलीतच. काढून पाहिली तर तिला केसाएवढी चीर.

नवी कॉईल बसली, गाडी दुरुस्त झाली. संध्याकाळी सूर्यभानचा फोन आला. त्याला बजरंगनं सगळं आधीच सांगितलं होतं.

"बजरंगनं एका दिसात काढली म्हणं चूक. तू महिनाभर काय करायलीस?"

"अवो, मीच सांगायले की मिस्त्रीला. त्यो आयकत न्हवता."

"बरं बरं. आता चावी दे त्याच्याकडं. गाडीचं काम हाय, बाईच्या हातात कशाला इस्तव."

बिघाड कॉईलीचा, आणि शिक्षा तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण नवऱ्याशी भांडून उपयोग नव्हता. ज्यानं शिकवलं त्यानंच काढून घेतलं, हे तिला गाडीपेक्षा जास्त लागलं.

सकाळी बजरंग पोरींना घेऊन निघाला. पंकजा चुलीपुढं भाकरी थापत होती. चढाकडून आवाज आला, तसा तिचा हात थांबला. आजवर तिनं त्या गाडीचं वाईट चिंतलं नव्हतं. आज आत पोरी होत्या, तरी एक तरी झटका बसावा, असं तिला मनापासून वाटलं. गाडी एका दमात चढ चढून गेली.