आईच्या चित्रांवर माझ्या रेघा

आई तिसऱ्यांदा आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि फेब्रुवारीअखेर नागपूरला परतली. पहिल्या सात आठवड्यांत तिने अकरा चित्रं काढली. त्यानंतर एकही नाही. ते माझ्यामुळे.

अकराही चित्रं घरामागच्या मेपलची. ती डेकवर खुर्ची टाकून बसे, ट्यूबमधले जलरंग पिळून घेई आणि पेन्सिल न लावता थेट ठिपके, फटकारे मारत सुटे. जवळून पाहिलं तर पिवळा, तांबडा, मधेच जांभळा, बाकी काही नाही.

"आई, यात झाड कुठाय?"

"उन्हात आहे ना. ऊन सरकून राहिलं बाप्पा, पानं मोजत बसू का तुझ्यासारखी?"

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. अर्धवट काही दिसलं की हात शिवशिवतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना तिनेच मला बसवलं होतं. रंग वाळले की बारीक ब्रशने काळी आउटलाइन मारायची. ती झाल्याशिवाय आमचे सर कागद हातातसुद्धा घेत नसत. इंटरमिजिएटला मला 'अ' श्रेणी होती.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाने हौशी चित्रकारांचं प्रदर्शन ठेवलं. त्याआधी आई चार दिवस क्युपर्टिनोला मावशीकडे गेली होती. परत येईपर्यंत चित्रं तयार ठेवावीत, असं मी ठरवलं. वॉटरप्रूफ काळं पेन आणलं आणि दोन संध्याकाळी बसून अकराही चित्रांतली पानं, फांद्या, कुंपण, पायवाट काळ्या रेघेने बांधून काढली. मग ती फ्रेम केली.

आई आली, बॅग हातातच ठेवून चित्रांसमोर उभी राहिली.

"पूर्ण केलीस होय," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

प्रदर्शनात एक तरुण म्हणाला, "काकू, फिनिशिंग काय जबरदस्त आहे यार!"

"ते याचं. माझा नुसता पसारा होता."

सगळे हसले. मीही हसलो. परतल्यावर त्याच जुलैत ती नागपूरला वारली, आणि तोवर मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

मागच्या वर्षी मुलीला घेऊन शिकागोच्या एका संग्रहालयात गेलो. इम्प्रेशनिस्ट चित्रांच्या दालनात माझे पाय थांबले. एकाही झाडाला कड नव्हती. मी भिंतीवरची प्रत्येक माहितीपाटी वाचली, घरी येऊन आणखी वाचलं. पत्र्याच्या ट्यूबमध्ये तयार रंग मिळू लागले, तेव्हा हे चित्रकार पॅरिसच्या बाहेर उघड्यावर बसून सरकतं ऊन पकडू लागले. सरकारमान्य प्रदर्शनाने त्यांची चित्रं पुन्हा पुन्हा नाकारली, म्हणून १८७४ साली तीसेक जणांनी एका फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन मांडलं. लोक हसायला आले. ही चित्रं अर्धवट आहेत, असं म्हणाले. एका टीकाकाराने एका चित्राच्या नावातला शब्द उचलून टिंगल केली, आणि पुढे तेच सगळ्या पंथाचं नाव झालं. बारा वर्षांत त्यांनी आठ प्रदर्शनं भरवली. १८८६ साली एका व्यापाऱ्याने सुमारे तीनशे चित्रं न्यूयॉर्कला आणली. तिथे अमेरिकनांनी ती घेतली, आणि मग हळूहळू फ्रान्सलाही ती पटू लागली. लोकांची नजर बसायला बारा वर्षंही पुरली नव्हती. मी आईला चार दिवस दिले.

"बाबा, दे सेड अनफिनिश्ड. जस्ट लाइक यू," मुलगी त्या दालनातच म्हणाली होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"आजीने. शी वॉजन्ट मॅड."

"मग तिने चित्रं काढणं का सोडलं?"

"आय डोन्ट नो. यू शुड हॅव आस्क्ड."

परतल्यावर आईच्या खोलीतली एक फ्रेम उघडली. फ्रेमच्या कडेखाली झाकलेली सेंटीमीटरभर पट्टी गडद केशरी होती. उघडा भाग फिकट पिवळा पडला होता. चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, शाई काढायला गेलं तर रंगही निघेल. शिवाय उजेडात हे जलरंग उडत जातील. शाई तशीच राहील.

म्हणजे भिंतीवर राहिली असती, तर एक दिवस आईचं सगळं उडून गेलं असतं आणि पांढऱ्या कागदावर फक्त माझं झाड उरलं असतं. आता ते झाड डोळे मिटले तरी दिसतं.

अकराही चित्रं मी अंधाऱ्या कपाटात सपाट ठेवली आहेत. रविवारी पडदे ओढून एकच बाहेर काढतो, दहा मिनिटं. एकदा घाम पुसायला चष्मा काढला. माझा नंबर उणे साडेसहा. रेघा विरल्या आणि ऊन आलं, दुपारचं, कलतं. पायवाटेवरच्या एका राखाडी ठिपक्याला मी टपालपेटीचा आकार दिला होता. ती टपालपेटी नव्हती. कोणीतरी घराकडे चालत येत होतं.

मी चष्मा लावून पाहिलं. टपालपेटी. पुन्हा काढला. तो माणूस मी असेन, किंवा शेजारचं कोणी. बायकोला बोलावून विचारलं. तिला चष्मा नाही. तिला टपालपेटीच दिसली.