डावा पाय

नव्या गाडीच्या सीटचा वास आला की आजही डोकं तापतं. वाघोलीच्या शोरूममधली ऑटोमॅटिक डिझेल पिकअप, मी ज्यांच्याकडे ड्रायव्हर होतो त्या मालकांनी मला चालवून बघायला सांगितली. सवयीने माझा डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडला आणि गाडी दणकन थांबली. शेजारचा सेल्समन हसला, "शिक्षण किती झालंय, दादा? हिला क्लच नसतो. ही कोणीही चालवतं." कोणीही? मग मालक मला कशाला ठेवतील? यवतमाळला परत जावं लागेल, या भीतीने मी डावा पाय सीटखाली ओढून घेतला. मागच्या सीटवरून मालक म्हणाले, "अहो, याच पायाने माझा माल घाटातून सुखरूप आणलाय. आपण गिअरवालीच दाखवा." त्यांचे उपकार कसे विसरू? पण आठवीत शाळा सुटली तरी माझं शिक्षण घाटात झालंय, हे त्या हसणाऱ्याला मी स्वतः सुनावायला हवं होतं.