केसाएवढा उजेड

आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना मी इतकी वर्षं शिकवतोय काय, तर लोखंड घासायचं कसं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक जॉब असतो. लोखंडाचे दोन तुकडे, एकात खाच आणि दुसऱ्यात तिच्यात बसणारा दात. दोन्ही कानशीने, हाताने घासून काढायचे. झाले की मी ते एकमेकांत बसवून खिडकीशी धरतो. फटीतून केसाएवढा उजेड दिसला तरी जॉब परत. माझ्या गुरूंनी मला अकरा वेळा परत पाठवलं होतं. बाराव्या वेळी त्यांनी एक अक्षर न बोलता जॉबला ग्रीस लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. आमच्याकडे शाबासकी म्हणतात ती एवढीच.

मग सुधारणा आल्या. आधी आला बॅनर. आयटीआय ते डिग्री, मधे भिंत नाही, असं त्यावर लिहिलेलं. मग तीन भारी कॉम्प्युटरवाल्या मशिनी आल्या. त्यांना लागतं ते वीज कनेक्शन अजून आलेलं नाही, म्हणून त्यांच्यावरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. दर सोमवारी आम्ही त्या प्लॅस्टिकवरची धूळ पुसतो. डोंबलाची सुधारणा! आणि शेवटी आलं पोर्टल. प्रत्येक पोराच्या जॉबचा फोटो काढा, गुण भरा, चौकोन हिरवा करा. हिरवा झाला की क्रेडिट खात्यात जमा आणि त्या जोरावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. खोटं कशाला बोलू, हे शेवटचं मला मनापासून आवडलं होतं. आमच्या पोरांना कॉलेजच्या दारात कुणी उभं करत नसे.

त्या बॅचला एक मुलगी होती. वासण्याहून यायची. वर्गात सगळ्यांशी फडाफडा गुजराती, पण घरी मराठी, त्यामुळे एकटी असली की माझ्याशी मराठीत बोलायची. तिने बॅनर माझ्यापेक्षा नीट वाचला होता. घरातून अट होती: यंदा प्रवेश मिळाला तर शिक, नाहीतर नोकरी धर. ती रोज विचारायची, "सर, माझं क्रेडिट दिसायला लागलं का?" मी म्हणायचो, "आधी हात चालव, क्रेडिट कुठं पळून जात नाही."

पळून गेलं ना!

गुण भरायचा शेवटचा दिवस होता. पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार, हे मला ठाऊक होतं. तीनच्या सुमारास तिने जॉब आणला. मी खिडकीशी धरला. एका कोपऱ्यात बारीकशी रेघ दिसली. बाकी कुणाचा असता तर कदाचित मी सोडलाही असता. पण तिच्या हातात खरंच कसब होतं आणि तिचा जॉब असा अर्धवट जावा हे मला सहन होईना. म्हटलं, "परत घास. उद्या दाखव." ती चाचरत म्हणाली, "सर, पोर्टल?" मी खेकसलो, "पोर्टल तुला काम शिकवणार आहे का?"

मला वाटलं, एक दिवसाने काय बिघडतंय? सरकारी मुदत आजवर कधी पाळली गेली आहे? दर वेळी वाढते. त्या वेळी नेमकी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जॉब आणला. खिडकीशी धरला, काळा ठिक्कर. उजेडाचं नाव नाही. मी स्वतः ग्रीस लावून गुंडाळला. मग कॉम्प्युटर उघडला, तर तिच्या नावापुढे लाल चौकोन आणि शेरा: गैरहजर. गैरहजर! सबंध वर्षात एक दिवस न चुकलेली पोरगी.

प्रिन्सिपॉल साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "थई जशे, चिंता ना करो." होऊन जाईल, काळजी नको. त्यांनी गांधीनगरला पत्र लिहिलं. गांधीनगर म्हणालं, चौकोन दिल्लीहून उघडतो. दिल्लीने तक्रारीला नंबर दिला. मी रोज तो नंबर टाकायचो आणि रोज तेच उत्तर यायचं: विचाराधीन. तळपायाची आग मस्तकात जायची. शिव्या दिल्या, हातापाया पडलो, रजा काढून गांधीनगरला दोन खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाने शांतपणे विचारलं, "साहेब, ते दिवसे फोटो केम ना पाड्यो?" त्या दिवशी फोटो का नाही काढला? काय सांगणार त्याला, कपाळ?

चौकोन हिरवा झाला, पण प्रवेश संपल्यावर दहा दिवसांनी. ती तोवर गोरव्याला एका कारखान्यात लागली होती. खोकी बांधायच्या कामावर.

सर्टिफिकेट न्यायला आली तेव्हा मी कपाटातून तिचा जॉब काढून दिला. माफी मागितली नाही. आमच्या तोंडून असले शब्द फुटत नाहीत. तिने वर्तमानपत्र सोडलं, बोटाने ग्रीस पुसलं आणि माझ्यासारखाच जॉब खिडकीशी धरला.

"सर, आता काही दिसत नाही," ती म्हणाली. मग अगदी सहज, कसलाही राग नसताना, "पण फोटोत तर आदल्या दिवशीची ती रेघही दिसली नसती."

ती गेल्यावर तरसालीला घरी येईपर्यंत मी त्याच वाक्याशी भांडत होतो.

यंदापासून मी आधी फोटो चढवतो. चौकोन हिरवा झाला की जॉब खिडकीशी धरतो आणि म्हणतो, उजेड दिसतोय, परत घास. "पण साहेब, मार्क तो आवी गया ने?" मार्क तर आलेच ना, पोरं म्हणतात, कानस ठेवतात आणि हात धुवायला जातात.